वळणावरची माणसं मोजली नाहीत

टेकडीची बस बंद झाली त्याला आता बरेच दिवस झाले. कुणी बंद केली असं विचारलं तर कचेरी म्हणते पाहणीनं केली, टेकडीवरचे लोक म्हणतात कचेरीनं केली, आणि एक पोरगी आहे, ती म्हणते मी केली. मी त्या बसची कंडक्टर होते. माझ्या मते ती बस मायेनं बंद केली. मायेला जाब विचारायला कुठलीच कचेरी नाही, म्हणून हे मी लिहून काढतेय.

बसचे ड्रायव्हर आस्तेराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. गाडी इतकी जपून चालवायचे की टेकडीवरच्या कुणा टवाळानं हे नाव ठेवलं, आणि ते पगारपत्रक सोडून सगळीकडे चाललं. उतारावर सायकलवाली पोरं आम्हाला मागे टाकून जायची आणि वर टाटा करायची. आस्तेराव त्यांना उलट टाटा करायचे. राग म्हणून त्या माणसाला ठाऊकच नव्हता. त्यांच्या वाटणीचा मी करत असे.

आमच्या मार्गाची एक गंमत होती. स्टॉप जे होते ते कारखान्यांच्या दारांशी. कारखाने बंद पडून जमाना लोटला होता. दारांना कुलपं, कुलपांना गंज, आत रान माजलेलं. स्टॉपचे खांब मात्र सरकारी, त्यामुळे ते आपले ऐटीत उभे. माणसं राहायची ती मधल्या वळणांवर, उतारावरच्या बारक्या घरांत. तिथून स्टॉप गाठायचा म्हणजे धडधाकट माणसालाही धाप लागायची. म्हणून वळणावर हात दिसला की आस्तेराव ब्रेक लावत. वर्षानुवर्षं हाच नियम होता. कचेरीच्या पुस्तकातला नियम बरोबर उलटा होता. स्टॉप सोडून गाडी थांबवणं म्हणजे शिस्तभंग. पण पुस्तक कचेरीत आणि आम्ही टेकडीवर, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं.

बसणारेही ठरलेले. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका, गुडघ्यांनी हात टेकलेले एक आजोबा, आणि शिंपीणबाई. शिंपीणबाईंचा नवरा इस्पितळाच्या त्या वॉर्डात होता जिथं माणसं बरी व्हायला नाही, नुसती राहायला असतात. त्या रोज सकाळी त्याला भरवायला जायच्या. त्याला दुसऱ्या कुणाच्या हातचा घास गिळता यायचा नाही, म्हणजे यायचा, पण तो गिळायचा नाही. यातले बहुतेक सगळे पासवाले. पासाला तिकीट फाडत नाहीत. म्हणजे कचेरीच्या हिशेबात आमची बस रिकामी धावायची, आणि माझ्या डोळ्यांसमोर गच्च भरून.

आस्तेरावांना एकच मुलगी. शहरांच्या वाहतुकीचा काहीतरी अभ्यास असतो, तो करायला ती परगावी वसतिगृहात राहायची. लहानपणी डेपोच्या क्वार्टर्समध्ये माझ्याच अंगाखांद्यावर खेळली, मला मावशी म्हणते. पण बापाच्या बसमध्ये ती कधी बसली नव्हती. आस्तेरावांचा तसा दंडकच होता. घरचं माणूस गाडीत असलं की लक्ष दोन ठिकाणी होतं, आणि रस्ता एकच असतो, असं ते म्हणायचे.

त्या पोरीला सुट्टीत आमच्याच खात्याच्या मुख्य कचेरीत इंटर्नशिप मिळाली. आस्तेरावांनी डेपोभर पेढे वाटल्यासारखी ती बातमी वाटली. मुलीला ‘आमच्या साहेब’ म्हणायला लागले. सकाळी स्वतःच्या खाकीआधी तिच्या सदऱ्याला इस्त्री करायचे.

“इंटर्न म्हणजे नक्की कोण हो?” डेपोतल्या मेकॅनिकनं विचारलं.

“शिकाऊ अधिकारी,” आस्तेराव म्हणाले.

“नाही,” पोरगीच हसत म्हणाली, “ज्याला काम सांगता येतं आणि ज्याचं ऐकावं लागत नाही, तो इंटर्न.”

पहिले काही दिवस तिला खुर्चीच नव्हती. जुन्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसायची. तिचं टेबल झेरॉक्स मशीनशी वाटून घेतलेलं, मशीन चालू झालं की टेबल थरथरायचं आणि तिचं अक्षर वाकडं यायचं. कामं काय, तर कागद टाचणं, पाण्याचा जार उलटा करणं, एका बाईंचा संगणक बंद पडला की तो बंद करून पुन्हा चालू करणं. त्या एका विद्येवर ती कचेरीत तज्ज्ञ म्हणून मान्यता पावली. तिथल्या साहेबांच्या मुलाच्या शाळेचा प्रकल्पसुद्धा हिनंच केला, पुठ्ठ्याचा पूल. त्याला बक्षीस मिळालं. साहेब माणूस वाईट नव्हता, खूश होऊन त्यानं तिला खुर्ची दिली.

मला हे ऐकून हसू यायचं आणि तिडीकही यायची. शिकलीसवरलेली पोर, तिला ना धड काम द्यायचं, ना घरी पाठवायचं. पण तिची तक्रार नव्हती. “मावशी, सरकार आतून कसं चालतं ते दिसतंय ना,” म्हणायची. मी म्हटलं, “बाई गं, मी बाहेरून बघतेय, ते चालत नाही, ढकलावं लागतं.”

आणि मग एकदा तिला खरं काम मिळालं. ती संध्याकाळी डेपोच्या कँटीनमध्ये धावतच आली. आस्तेराव आणि मी फेरी संपवून डबे उघडून बसलो होतो.

“बाबा, पाहणी आहे! दहा-बारा मार्गांवर. प्रत्येक बसमध्ये एक इंटर्न बसणार, कुठल्या स्टॉपला किती चढले, किती उतरले, सगळं टॅबमध्ये भरायचं. पूर्ण आठवडाभर.”

“अरे वा,” आस्तेराव म्हणाले. “कशासाठी पण?”

“अभ्यास म्हणाले. आम्हाला कोण सांगतंय? पण ऐका ना, मी कुठला मार्ग मागून घेतला असेल?”

आस्तेरावांचा घास हातात राहिला.

“तुमचा! साहेब म्हणाले घे बाई, त्या टेकडीवर जायला कुणी तयारच नाही. आता तुमचा दंडक चालायचा नाही. मी घरचं माणूस म्हणून नाही, सरकारी माणूस म्हणून येतेय.”

ते असे लाजले की नवरीनं लाजावं. मग पोरगी पुढचं बोलली, आणि त्या बोलण्यापाशी माझं मन अजून अडकतं.

“आणि बाबा, कचेरीत काय हसतात माहितीये? तुमच्या बसला म्हणे घरगुती बस म्हणतात. साहेब म्हणाले, तिथला ड्रायव्हर कुणीही हात केला की थांबतो, बस आहे की रिक्षा? सगळे खो खो हसले. मी उभी राहिले. म्हटलं, तो ड्रायव्हर माझे बाबा आहेत, आणि माझे बाबा नियम सोडून ब्रेकला पायसुद्धा लावत नाहीत. एकदम चिडीचूप! साहेबांनी माफी मागितली माझी, सगळ्यांसमोर.”

मी तोंड उघडलं होतं. आस्तेरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मी मिटलं. त्यांनी डब्याच्या झाकणात पोरीला आपल्यातली भाजी वाढली आणि म्हणाले, “बरं केलंस.”

ती गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, सरळ सांगून टाका पोरीला, हात केला की थांबतो म्हणून. त्यात चोरी आहे का छिनाली आहे?

“तिनं भर कचेरीत शब्द दिलाय माझ्या नावानं,” ते म्हणाले. “उद्या ती गाडीत बसणार आणि वळणावळणाला बापाची लबाडी मोजणार? एक आठवडा तर आहे. लोकांना सांगतो, आठवडाभर स्टॉपवर या. एका आठवड्यानं काय आभाळ कोसळतंय?”

त्यांनी खरंच टेकडीवर प्रत्येक वळणाला सांगितलं. माझी मुलगी येणार आहे, सरकारी कामावर, तेवढे दिवस सांभाळून घ्या. लोकांना आस्तेरावांचं कौतुक, लोक हो हो म्हणाले. धुलाईखान्यातल्या बायका काही दिवस चालत स्टॉपवर आल्याही, मग ते जमेना, त्यांना उशीर होऊन तिकडे बोलणी बसायला लागली, म्हणून त्या एका टेम्पोत कोंबून जायला लागल्या. आजोबा घरी बसले. आणि काहीजण तसेच वळणावर उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, बोलतोय आपला, थांबेल. आस्तेराव आणि न थांबणार?

पोरगी पहिल्या सीटवर, बापाच्या तिरकस मागे, मांडीवर टॅब घेऊन बसायची. तिला आतापर्यंत बाप गाडी चालवताना दिसलाच नव्हता. मध्येच मान वर करून ती त्यांच्याकडे असं काही बघायची की मला माझी पैशाची बॅग उगाचच चाचपावीशी वाटायची.

पहिल्या वळणावर शिंपीणबाई उभ्या होत्या. एका हातात नवऱ्याच्या खिमटीचा डबा, दुसरा हात वर. आस्तेराव समोर बघत राहिले. गाडी पुढे गेली. काचेतून त्यांचा हात मला खाली येताना दिसला.

“बाबा, त्या आजी हात करत होत्या,” पोरगी म्हणाली.

“स्टॉप नाही तिथे,” आस्तेराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

पोरीनं टॅब पाहिला. टॅबमध्ये स्टॉपांची नावं एकाखाली एक होती, वळणाला जागाच नव्हती. तिनं मान डोलावली. बापाचा तिला अभिमान वाटला, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी मागे जाऊन उभी राहिले.

असं रोज झालं. शिंपीणबाई दुसऱ्या दिवसापासून पहाटेच निघून काठी टेकत स्टॉप गाठायला लागल्या, कधी बस मिळायची, कधी चुकायची. मोजणीत त्या कधी होत्या, कधी नव्हत्या. पोरगी इमानदार. ड्रायव्हरची मुलगी म्हणून एक माणूस जास्त धरला असं कुणी म्हणायला नको, म्हणून एखादा चढता चढता परत उतरला, तर तोही खोडायची. आठवडा संपल्यावर तिनं बापाला विचारलं, “कशी होते मी?” बाप म्हणाला, “एक नंबर.” दुसऱ्या दिवशी आस्तेरावांनी पहिल्याच वळणावर गाडी थांबवली, खाली उतरून शिंपीणबाईंचा डबा हातात घेतला आणि त्यांच्या पाया पडले. मला वाटलं, सुटलो.

साहेबाला तिचं काम इतकं आवडलं की मोठ्या बैठकीत पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला त्यानं तिलाच बसवलं. इंटर्नला बैठकीत बसायला मिळणं म्हणजे काय, हे तिच्याकडूनच ऐकावं. ठेवणीतला ड्रेस घातला होता. साहेब ‘पुढे’ म्हणायचे, ती बटण दाबायची. पुढे. पुढे. पुढे. असं करता करता तिनंच बटण दाबलं आणि पडद्यावर आली टेकडीची बस, तिच्या मोजणीचा उतरता आलेख, आणि खाली एक ओळ, प्रवासी अपुरे, मार्ग बंद करण्याची शिफारस. कुणी काही विचारलं नाही. साहेब म्हणाले, पुढे. तिनं पुढचं बटण दाबलं.

तिथून ती थेट डेपोत आली. आस्तेराव गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होते. मी बॅगेतली मोड लावत होते. ती समोर उभी राहिली आणि जे झालं ते एका दमात सांगून मोकळी झाली. मग म्हणाली, “बाबा, ती वळणावरची माणसं. ती रोज असतात?”

“असतात.”

“आणि एरवी तुम्ही थांबता?”

आस्तेरावांनी कप खाली ठेवला. “थांबतो.”

“मग तेव्हा का नाही थांबलात? बाबा, मी मोजायलाच बसले होते ना! का नाही थांबलात?”

“तू बसली होतीस म्हणूनच,” ते म्हणाले.

पोरगी मटकन खाली बसली, त्या तेलकट फरशीवर, ठेवणीतल्या ड्रेससकट. बाप तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मी आयुष्यात बरंच पाहिलंय, भरल्या बसमध्ये बाळंतपण पाहिलंय, माणूस जाताना पाहिलाय. पण त्या दोघांकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती साहेबाकडे गेली. म्हणाली, मोजणी चुकली, पुन्हा करा, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवा. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता, आणि तोच तर वांधा असतो. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. तो म्हणाला, “तुझ्या सांगण्यावर कसं करू? तू तर इंटर्न. त्या मार्गावर स्टॉपबाहेर प्रवासी चढतात असं ड्रायव्हरनं लेखी दिलं, तर मांडून बघतो वरती.”

हे तिनं घरी सांगितलं, सांगता सांगताच तिच्या ध्यानात आलं आणि ती म्हणाली, “बाबा, पण तुम्ही नका देऊ.” लेखी देणं म्हणजे इतक्या वर्षांचा शिस्तभंग आपल्या हातानं कबूल करणं. आस्तेरावांची निवृत्ती तोंडावर आली होती. मी कळलं तशी क्वार्टरवर गेले. म्हटलं, देणार असाल तर दोघांच्या नावानं द्या, घंटी मी मारते. ते म्हणाले, “गाडी कुठं थांबवायची ते ड्रायव्हर ठरवतो. तुम्ही यात कुठं आलात?” आस्तेराव मी पोचायच्या आधीच कागद देऊन आले होते. आणि देताना, पोरीनं मला मागाहून सांगितलं, छाती पुढे काढून उभे होते. आपण लिहून दिलं की बस वाचणार, अशी त्यांची खात्री होती.

कागद वरती गेला. वरून दोन उत्तरं आली. एक मार्गाबद्दल. अनधिकृत ठिकाणी चढणारे प्रवासी हे पाहणीत प्रवासी म्हणून धरता येत नाहीत, सबब शिफारस कायम. दुसरं आस्तेरावांबद्दल. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित. तेल गेलं, तूपही गेलं. धुपाटणं तेवढं आमच्या हाती राहिलं.

पोरगी पुन्हा साहेबाकडे गेली. त्यानं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. म्हणाला, “तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी मोजणी चोख होती. प्रमाणपत्रावर मी स्वतः ‘उत्कृष्ट’ लिहिलंय.” तिनं प्रमाणपत्र घेतलं कारण न घेऊन करणार काय, कॉलेजात दाखवायचं होतं. घरी येऊन तिनं ते कपड्यांच्या खाली सरकवलं. आस्तेरावांनी ते शोधून काढलं, बाजारात जाऊन त्याला चौकट करून आणली, आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढले.

“सरकारी शिक्का आहे,” ते म्हणाले. “आपल्या घरात कुणाला मिळालंय असलं?”

पोरीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “भिंत कशाला खराब करता? तो खिळा माझ्या काळजातच ठोका की.”

त्यांनी खिळा भिंतीत ठोकला. पोरगी आतल्या खोलीत होती. दार लावून घेतलं होतं तरी तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. आस्तेराव चौकट सरळ करत राहिले, थोडी इकडे, थोडी तिकडे. ती सरळच होती.

बस बंद होईपर्यंतच्या मुदतीत माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला. तरणा, नवा, बोलायला गोड. त्याला कचेरीनं बजावूनच पाठवलं होतं. पहिल्या दिवशी वळणावर हात दिसले तशी मी घंटी मारली, त्यानं मान हलवली. “बाई, इथं स्टॉप नाही. ह्याच मार्गावर एकाची नोकरी गेलीय म्हणे.” मी भांडले. रोज भांडले. तो ऐकून घ्यायचा, पण थांबायचा नाही. आणि मला त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. त्याच्या घरीही पोटं असतील.

त्या दिवसांत आस्तेराव काय करत होते ते मला उशिरा कळलं. सकाळी आंघोळ करून, साधे कपडे घालून ते चालत टेकडीवर जायचे. शिंपीणबाईंचा डबा आपल्या हातात घ्यायचे आणि त्यांना धरून धरून स्टॉपवर आणायचे. मी गाडीतून उतरायच्या आत ते खांबाच्या मागे व्हायचे. शिंपीणबाई आत येऊन मला सांगायच्या, “आले होते हो,” एवढंच. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. पोरगीही त्यांच्याबरोबर जायला लागली.

शेवटच्या दिवशी शिंपीणबाईंना नीट चालवत नव्हतं. रस्त्यातच बसल्या असाव्यात. आम्ही वरून खाली येत होतो आणि ते तिघं अजून वळणावरच होते. शिंपीणबाई मध्ये, एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला आस्तेराव, त्यांच्या हातात डबा. बस दिसली तसा आस्तेरावांनी हात वर केला. त्या माणसाला बससमोर हात करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा हात नीट वर जातच नव्हता, खांद्याशी येऊन थांबला होता.

मी घंटी मारली. पुन्हा मारली. दोरी तुटेल अशी ओढली. गाडी त्यांच्या समोरून पुढे गेली.

मागच्या काचेतून मी पाहिलं, पोरगी पळायला लागली. बसच्या मागे, ओरडत, हात हलवत. एक चप्पल पायातून निघाली तरी पळत होती. मग दमली, आणि रस्त्याच्या मध्यात गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

पुढचा स्टॉप आला. तिथं चढायला कुणी नव्हतं. ड्रायव्हर माझ्या डबल घंटीची वाट बघत राहिला. मी दोरी सोडली आणि पायरीवर जाऊन उभी राहिले. कंडक्टरनं डबल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हाही पुस्तकातलाच नियम आहे.

“बाई, उशीर होतोय.”

“होऊ दे.”

“बाई, मला जाब विचारतील.”

“माझं नाव सांग. उद्या ही बस नाहीच. मला काढायचं तर कुठल्या गाडीवरून काढतील, रिकाम्या रस्त्यावरून?”

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. बऱ्याच वेळानं ते तिघं उतरून येताना दिसले. पोरीच्या एका पायात चप्पल होती, दुसरी तिनं हातात धरली होती. आस्तेरावांनी शिंपीणबाईंना दोन्ही हातांनी वर चढवलं, मी आतून धरलं. मग डबा दिला. मग पोरीला चढवलं.

“चला,” मी म्हटलं आणि हात पुढे केला.

“नको,” ते म्हणाले. “निलंबित माणसाला गाडीत घेतलंत म्हणून उगाच तुमच्यावर यायचं. मला काय, चालायची सवय झालीय.”

“बाबा, चढा ना,” पोरगी म्हणाली. “बाबा, प्लीज.”

त्यांनी मान हलवली. मी दोरीला हात लावला, पण ती माझ्यानं ओढवेना. माझे डोळे इतके भरले होते की दोरीसुद्धा नीट दिसत नव्हती. आस्तेरावांनी ते पाहिलं, आणि बाहेरून पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली. गाडी सुटली.

बरंच अंतर गेल्यावर ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. “कोण हो ते बाई? ओळखीचे?”

मी बोलायच्या आधी पोरगीच बोलली. ती पहिल्या सीटवर बसली होती, त्याच्या तिरकस मागे.

“ज्याची नोकरी गेली म्हणालात ना,” ती म्हणाली, “ते. माझे बाबा.”

तिला हे कुणी सांगितलं होतं, शिंपीणबाईंनी की आणखी कुणी, मला माहीत नाही. ड्रायव्हरनं आरशातली नजर रस्त्यावर वळवली. त्याचे कान लाल झाले. पुढचं वळण आलं तसं त्यानं कुणी न सांगता गाडी हळू केली, पार थांबवली, आणि दाराकडे बघत राहिला. वळणावर कुणीच नव्हतं. त्याच्या पुढच्या वळणालाही तो थांबला. तिथंही नव्हतं. लोकांनी उभं राहणं केव्हाच सोडून दिलं होतं.